नऊ कोकरं

सेनोबियो मास्तर राष्ट्राध्यक्ष होते ते फक्त दहा महिने, आणि त्यांना खुर्चीवरून ओढायला निमित्त झाली नऊ कोकरं. ती कोकरं माझ्या कळपातली. हे मी आधीच सांगून टाकते, कारण आमच्या बाजारात सगळ्यांना ते ठाऊक आहे आणि माझ्या पाठीमागे बोलायला कुणी कमी करत नाही. तोंडावर बोलायची मात्र कुणाची छाती होत नाही. रस्सा मीच वाढते ना.

मी दोमितिला. पारियावंकाच्या बाजारात सव्वीस वर्षं मेंढीच्या डोक्याचा रस्सा विकतेय. सेनोबियो पोमा आमच्या शाळेचे मास्तर. लहानपणी आम्ही एकाच चिखलात लोळलो, एकमेकांच्या झिंज्या उपटल्या. पण माझ्या लेकीच्या, मार्लेनीच्या बाप्तिस्म्याला ते धर्मबाप म्हणून उभे राहिले, आणि त्या दिवसापासून ते माझे कोम्पाद्रे, मी त्यांची कोमाद्रे. अरे-तुरे संपलं, अहो-जाहो सुरू झालं.

हे नातं आमच्यात सख्ख्या भावाच्याही वरचं. भावाशी बांधावरून भांडता येतं, नवऱ्याला चार शिव्या हासडता येतात. कोम्पाद्रेवर आवाज चढवायचा नाही, हात तर उगारायचाच नाही. यातलं काहीही केलं तर मेल्यावर बर्फाच्या डोंगरावर अनवाणी भटकत राहावं लागतं, मातीसुद्धा पोटात घेत नाही. आणि कोम्पाद्रेने शब्द टाकला, की तो खाली पडू द्यायचा नाही. मागेल ते द्यायचं, घरात नसेल तर दुसऱ्याकडून आणून द्यायचं. म्हणूनच शहाणी माणसं कोम्पाद्रेकडे सहसा काही मागत नाहीत. मागणं म्हणजे समोरच्याचा हात पिरगाळणंच झालं की.

आता पाण्याचं सांगते, कारण सगळं त्या पाण्यापायीच झालं.

आमच्या नळाला नदीचं पाणी येतं, आणि नदीच्या वरच्या अंगाला खाणीच्या गाळाचं तळं आहे. मार्लेनी कामाला समुद्राकडे गेली, भाज्या डब्यात भरायच्या शेडमध्ये, आणि तिची पोर नाइदा माझ्याकडे राहिली. नाइदा पाच वर्षांची असताना राजधानीतून, लिमाहून डॉक्टर आले, त्यांनी शाळेतल्या एकशेबारा पोरांचं रक्त नेलं. कागद आले तेव्हा कळलं, पोरांच्या रक्तात शिसं आहे. पाचच्या वर आकडा गेला की वाईट. नाइदाचा एकतीस. पोट दुखतं म्हणून कुशीवर पडून राहायची, आणि मी म्हणायचे, आळशी आहे मेली, आईवर गेलीय. माझ्या जिभेला काही हाड नाही.

डॉक्टरीणबाई म्हणाली, "आधी पाणी बदला. त्याशिवाय औषधाचा काही उपयोग नाही. आणि डोक्यातलं जे जाईल ते परत येणार नाही, आजी. उशीर करू नका."

वरच्या डोंगरात चांगला झरा आहे, चौदा किलोमीटरवर. नळ टाकायचा, बस. तीन महिने अर्जांवर अर्ज केले. शेवटी मास्तरांनी ते एकशेबारा कागद प्लास्टिकच्या पिशवीत घातले आणि चालत लिमाला निघाले. अकरा दिवस चालले. वाटेत लोक जोडले गेले, टीव्हीवाले आले, आणि लिमात शिरताना त्यांच्यामागे चाळीस हजार माणूस होतं. पाणी नाहीच मिळालं, पण वर्षभराने लोकांनी त्यांनाच निवडणुकीला उभं केलं. पक्ष नव्हता म्हणून एका म्हाताऱ्या वकिलाचा, कुदळ चिन्हाचा, धूळ खात पडलेला पक्ष मागून घेतला.

आमच्या चौकात सभा झाली ती मला अजून दिसते. मास्तर डोक्यावरची टोपी हातात घेऊन बोलत होते.

"मला विचारतात, पाठीशी पक्ष नाही, राज्य कसं चालवणार? मी या गावाचा चार वर्षं मुखिया होतो. माझा कुठला पक्ष होता? मी घंटा वाजवायचो, तुम्ही कुदळी-फावडी घेऊन यायचात. कालवा झाला, शाळेचं छप्पर झालं. देशालाही घंटाच पाहिजे!"

टाळ्या काय, हॅट काय उडाल्या वर! माझी तर शेजारणीच्या मक्याच्या घुगऱ्यांत पडली. तेवढ्यात दॉन फ्लोरो, म्हणजे फ्लोरोराव, आमचा खाटीक, मागून ओरडला, "अहो मास्तर, इथे कामाला येत नाही त्याच्या शेताचं पाणी आपण तोडतो. म्हणून येतात. तिथे कुणाचं काय तोडणार?"

"दॉन फ्लोरो, तुझीच जीभ तोडायला पाहिजे आधी!" मीच ओरडले, आणि सगळा चौक हसला. मास्तरही हसले. आणि लगेच पुढच्या मुद्द्याकडे वळले.

मास्तर जिंकले. तीन दिवस नाचलो आम्ही. नाइदाला खांद्यावर घेऊन मी नाचले, आणि तिला म्हणाले, "आता झऱ्याचं पाणी येणार, राणी माझी."

संसदेत एकशेतीस खासदार. कुदळवाले अकरा निवडून आले होते. त्या म्हाताऱ्या वकिलाने पुतण्यासाठी बंदरांचं खातं मागितलं, मास्तरांनी दिलं नाही, आणि तिसऱ्या महिन्यात अकरातले सात पलीकडे जाऊन बसले. उरले चार. मास्तरांनी मंत्री नेमायचा आणि संसदेने त्याला घरी पाठवायचं, असा खेळ सुरू झाला. शेतीमंत्री तर नेमला त्या दिवशी आम्ही बाजारात बिस्किटं वाटली, आणि बिस्किटं संपायच्या आत तो गेलासुद्धा. पाण्याचा कायदा मात्र मास्तरांनी पहिल्याच आठवड्यात पाठवला होता. आमचं गाव आणि आमच्यासारखी चाळीस गावं. तो एका समितीत जाऊन बसला. बसला तो बसलाच.

फेब्रुवारीत मी नाइदाला रक्त तपासायला लिमाला नेलं. आकडा छत्तीस. तशीच राजवाड्यावर गेले. दारावरच्या शिपायाने माझ्या रश्श्याच्या डब्यात काठी घालून बघितली. म्हणाला, "यात काय आहे?" म्हटलं, "मेंढीचं डोकं आहे, तुझ्यापेक्षा शहाणं." सोडलं आत.

मास्तर निम्मे झाले होते. कोट खांद्यावरून लोंबत होता. त्यांनी आधी नाइदाचा कागद मागितला, वाचला, घडी घालून स्वतःच्या खिशात ठेवला. मग पांढरे हातमोजे घातलेल्या वाढप्याला बाहेर पाठवून स्वतःच रस्सा वाढून घेतला. दोन वाट्या प्यायले तेव्हा कुठे बोलायला लागले.

"कोमाद्रे, कंदील पक्षाचे नऊ जण आहेत. त्यांनी हात वर केला की कायदा समितीतून सुटतो. त्यांचा म्होरक्या आहे दॉन अनिबाल सेदानो. माणूस गोड आहे. काल येऊन इथेच बसला होता, तुम्ही बसलात तिथे. त्याला रस्ते खातं पाहिजे."

"कशाला?"

"डांबर खायला. आणखी कशाला?"

"आणि नाही दिलं तर?"

"तर नऊ जण जांभया देत बसणार. आणि कायदा तिथेच सडणार."

नाइदा टेबलाखाली बसून खुर्च्यांचे पाय मोजत होती. चारपर्यंत यायची आणि पुन्हा एकपासून सुरू करायची. मास्तर ते ऐकत होते, मीही ऐकत होते. मग मास्तरांनी वाटी बाजूला सारली आणि माझ्याकडे बघितलं, चांगलं टक लावून बघितलं.

"काय करू, कोमाद्रे?"

देवाशपथ सांगते, माझ्या जिभेच्या टोकावर होतं. देऊन टाका! खाऊ दे मेल्याला डांबर, खडी, पूल, सगळं खाऊ दे, माझ्या पोरीला पाणी द्या. एवढंच म्हणायचं होतं. पण मी म्हणाले असते तर तो कोमाद्रेचा शब्द झाला असता. मास्तरांना नाही म्हणता आलं नसतं. आयुष्यभर हा माणूस सरळ चालला, आणि त्याला वाकवणारी मी? माझ्याच नातीसाठी? नाही जमलं मला. मी गिळलं ते. आणि गिळल्यावर तोंड रिकामं राहवेना, म्हणून शहाणपणा सुचला.

"तुमचं इथे कुणी माणूसच नाही, हाच घोळ आहे," मी म्हणाले. "गावात तुमचे चाळीस कोम्पाद्रे आहेत, म्हणून घंटा वाजवली की माणसं येतात. इथे एक तरी आहे का? या नऊ जणांच्या पोरांचे धर्मबाप व्हा. कोम्पाद्रे झाला की तुमच्याविरुद्ध हात वर कसा करेल? खातं द्यायला नको, खोटं बोलायला नको."

मास्तर दोन पदव्या घेतलेला माणूस. पण पोटातून पारियावंकाचाच. त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"खरंच की, कोमाद्रे! हे माझ्या डोक्यात कसं आलं नाही?"

आता बसते मी विचार करत, माझ्याही डोक्यात यायलाच नको होतं.

मार्च-एप्रिलमध्ये नऊ बाप्तिस्मे झाले. दॉन अनिबालला सुदैवाने तान्हं पोर होतं, थियागो. बाकीच्यांनी कुणी नातू आणला, कुणी पुतणी आणली. एकाने तर बायकोच्या बहिणीच्या शेजारणीचं पोर आणलं. तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं. पण मी मेली नऊ कोकरं निवडण्यात दंग. धर्मबापाने पोराला एक मादी कोकरू द्यायचं असतं, कानात लाल लोकरीचा गोंडा बांधून. ते वाढतं, वितं, पोर मोठं होईतो कळप होतो. मास्तरांनी कळवलं, कोकरं आपल्याकडचीच पाहिजेत. मी गोंडे बांधले आणि नऊच्या नऊ बसने लिमाला घेऊन गेले. आठ तास. एका कोकराने वाहतूक हवालदाराच्या मांडीवर मुतलं, त्याला मी सांगितलं, "जपून ठेव ती पँट, राष्ट्राध्यक्षांचं कोकरू आहे." राजवाड्याच्या बागेतले गुलाब कोकरांनी एका सकाळीत साफ केले. टीव्हीवर ते दिसलं, आणि सगळा देश हसला. हसू दे म्हटलं.

आणि तुम्हाला सांगते, पहिल्यांदा लागू पडलं! एप्रिलच्या शेवटी कंदीलवाल्यांनी हात वर केला आणि पाण्याचा कायदा समितीतून सुटला. मी बाजारात सगळ्यांना फुकट रस्सा पाजला. दॉन फ्लोरोलासुद्धा. त्याला म्हटलं, "बघितलंस? काही तोडावं लागलं नाही. जोडावं लागलं." त्याने फक्त वाटी पुढे केली.

आता कायदा पूर्ण संसदेसमोर यायचा होता. त्याच्या आधीच्या सोमवारी एका वर्तमानपत्राने नऊ कोकरांचे फोटो पहिल्या पानावर छापले. राष्ट्राध्यक्ष खासदारांना जनावरं वाटून मतं विकत घेतो! राजवाड्याच्या प्रार्थनाघरात बाप्तिस्मे, सरकारी बागेत सरकारी गवतावर लाचेची कोकरं! दोन दिवसांत ठराव आला, की हा माणूस नैतिकदृष्ट्या नालायक आहे, याला काढा. ज्यांनी बंदरं मागितली, रस्ते मागितले, ते सगळे एका रांगेत उभे राहून नीतीवर बोलत होते. मला तर टीव्हीवर पळी फेकून मारावीशी वाटली.

काढायला सत्त्याऐंशी मतं लागतात. बाजारातले सगळे जण मोजत होते. दॉन फ्लोरोने मांस बांधायच्या कागदावर नावं लिहिली होती. "चौऱ्याऐंशी होतील," तो म्हणाला. "कंदीलवाल्यांनी हात नाही उगारला तर मास्तर वाचतात."

"नाही उगारणार," मी म्हणाले. "कोम्पाद्रे आहेत."

मतदान दुपारी झालं. माझ्या टपरीतल्या टीव्हीसमोर अख्खा बाजार उभा होता, रस्सा गार होत होता. एकेकाचं नाव पुकारत होते. पहिला कंदीलवाला उठला आणि म्हणाला, काढा. मी म्हटलं, हा शेजारणीच्या पोराचा, हा खरा नव्हेच. दुसरा म्हणाला, काढा. तिसरा. मग दॉन अनिबाल उठला. कोटाचं बटण लावलं. म्हणाला, "माझ्या मुलाचं नाव या चिखलात ओढलं गेलं. एक बाप म्हणून, माझं मत, काढा."

नऊच्या नऊ. त्र्याण्णव मतं पडली.

अरे, त्यांना भीती होती, मास्तरांच्या बाजूने मत दिलं तर लोक म्हणतील, कोकरू घेऊन मत दिलं! कोकरू दिलं नसतं तर कदाचित ते जांभया देत घरीच बसले असते. मी जोडायला गेले आणि मीच तोडलं.  दॉन फ्लोरोने तो कागद घडी करून खिशात घातला आणि तो माझी भांडी घासू लागला, मी नको म्हणाले तरी.

पूर्ण संसदेपुढे पाण्याचा कायदा आलाच नाही. नवीन सरकारने तो "फेरविचारासाठी" परत मागवला. कुठे आहे, कुणाला माहीत नाही.

मास्तर जूनमध्ये बसने परत आले. सामानाची एकच पेटी. स्टँडवर आम्ही वीसेक जण होतो. त्यांनी हॅट काढून सगळ्यांची माफी मागितली, आणि आम्हाला कुठे बघावं कळेना. नाइदाने त्यांचा हात धरला. तिला सात पूर्ण झाली होती, आणि शाळेतून घरी यायची वाट ती दोनदा चुकली होती. तीन गल्ल्यांची वाट. नवीन आकडा चव्वेचाळीस.

ऑगस्टमधल्या एका रविवारी मी मास्तरांच्या अंगणात बटाटे सोलत बसले होते, आणि दारात एक पांढरी मोटार येऊन थांबली. उतरलं कोण, तर दॉन अनिबाल, बायको, कडेवर थियागो. हातात दारूची बाटली आणि गोड पावांची करंडी. धर्मबापाच्या घरी पहिल्यांदा जाताना नेतात, अगदी तसं.

"कोम्पाद्रे!" त्याने हात पसरले. "रागावलात का? अहो, ते मत होतं, हे घर आहे. दोन्हींत गल्लत करू नये माणसाने."

मला वाटलं मास्तर दार लावतील. मी तर चाकू घट्ट धरला होता. पण मास्तरांनी पोराला घेतलं, मांडीवर बसवलं, कपाळावर क्रूस काढला. पोराचा काय दोष? ते पोर हसत होतं, चार दात आले होते.

बाईने दुधाची बाटली काढली. मी सवयीने उठले, म्हटलं, पाणी गरम करून देते. ती घाईघाईने म्हणाली, "नको नको, आम्ही आमचं आणलंय," आणि मोटारीतून पाण्याच्या सीलबंद बाटल्यांचा अख्खा खोका आणवला. नाइदा त्या बाटल्यांकडे बघत उभी राहिली. बाई मनाने वाईट नव्हती. तिने एक बाटली नाइदाला दिली. नाइदाने ती श्वास न घेता पिऊन टाकली.

"इथलं पाणी अजून तसंच आहे का?" दॉन अनिबालने विचारलं, खरंच वाईट वाटल्यासारखं. मग मास्तरांच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाला, "तुमचंही चुकलं बरं का, कोम्पाद्रे. एक खातं द्यायचं होतं. त्याच दुपारी तुमचा नळ मंजूर करून दिला असता, या पोराच्या डोक्यावर हात ठेवून सांगतो. मी शब्दाला पक्का माणूस आहे. एव्हाना तुमच्याकडे खोदकाम झालं असतं, आणि तुम्हीही तिथेच असता."

तो खोटं बोलत नव्हता. तेच तर वाईट. मला त्याच्या तोंडावर ते दिसत होतं.

ते गेले. धूळ खाली बसली. मास्तर ओट्यावर बसले होते, हॅट गुडघ्यावर. मला राहवलं नाही.

"कोम्पाद्रे, त्या दिवशी लिमाला तुम्ही मला विचारलंत ना, काय करू म्हणून? माझ्या तोंडावर आलं होतं, द्या त्याला रस्ते. पोरीसाठी द्या. पण मी गिळलं. तुमचा हात पिरगाळायचा नव्हता मला. आणि वर ती कोकरांची अक्कल शिकवली. मला माफ करा."

मास्तरांनी गुडघ्यावरची हॅट बाजूला ठेवली. मग म्हणाले, "तुम्ही गिळलंत ते मला दिसलं होतं, कोमाद्रे."

"दिसलं होतं?"

"मी त्याचीच तर वाट बघत होतो." त्यांनी खिशावर हात ठेवला. "मी आपण होऊन दिलं असतं, तर मीही त्यांच्यातलाच झालो असतो. ते मला जमत नव्हतं. पण तुम्ही शब्द टाकला असता, तर तो मला मोडता आला नसता. मग ते मी केलं, असं झालं नसतं. मी खिशात नाइदाचा कागद धरून बसलो होतो आणि मनात म्हणत होतो, मागा. एकदा मागा. त्याच दुपारी सही केली असती मी."

आयुष्यात पहिल्यांदा मी कोम्पाद्रेवर आवाज चढवला. अहो, काय काय बोलले! म्हटलं, तुमचे हात स्वच्छ राहावेत म्हणून मी कोण, तुमचं फडकं? एका देशाचा धनी, आणि एका रस्सेवालीच्या तोंडाकडे बघत बसलात? एकशेबारा पोरं, चाळीस गावं, आणि दोन म्हाताऱ्या माणसांची भीड! म्हटलं, तुम्ही माझा मान राखलात, मी तुमचा राखला, आणि पोरीचं काय राखलं आपण? शेजारीपाजारी दारात आले. मास्तर मान खाली घालून ऐकत होते.  ओरडून ओरडून माझा घसा सुकला आणि मी त्यांच्या शेजारी ओट्यावर बसले. बसले आणि रडले.

बर्फाच्या डोंगरावर आता मला अनवाणी फिरावं लागणार. फिरेन.

नाइदा अंगणातच होती. आमचं भांडण संपल्यावर तिने ती रिकामी बाटली उचलली, कोपऱ्यातल्या नळाखाली धरली आणि काठोकाठ भरली. आणखी कुठे भरणार होती ती? आम्ही दोघं तिच्याकडे बघत बसलो.